संपादक मंडळ की जेसप मूट?

आयएलएस असो, सिम्बायोसिस असो की भारती विद्यापीठ, आंतरराष्ट्रीय कायद्याची गोडी लागलेल्या पुण्यातल्या विद्यार्थ्यापुढे हा पेच येतोच: विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये संपादक व्हायचं, की जेसपच्या, म्हणजे काल्पनिक खटल्यावर युक्तिवाद करायच्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या मूट स्पर्धेच्या, टीमसाठी धडपडायचं?

जेसपचं वेळापत्रक आपल्या हातात नसतं. सप्टेंबरच्या सुमारास कॉम्प्रोमी (त्या काल्पनिक वादाची कागदोपत्री मांडणी) जाहीर होतो, जानेवारीत दोन्ही बाजूंची मेमोरियल्स (लेखी युक्तिवाद) जमा करायची, मग तोंडी फेऱ्या. मध्ये दिवाळी आणि सत्र परीक्षा. टीम जास्तीत जास्त पाच जणांची आणि कॉलेजची एकच, त्यामुळे बहुतेक जण अंतर्गत निवडीतच गळतात. निवड झाली तर मात्र न्यायाधीशांनी मध्येच अडवल्यावर उभ्या उभ्या उत्तर द्यायची जी सवय लागते, ती वर्गात लागत नाही.

जर्नलचं काम संथ, आणि खरं शिक्षण तळटिपा तपासताना. समजा, लेखकाने राज्याच्या, म्हणजे देशाच्या, आंतरराष्ट्रीय जबाबदारीवर लिहिताना ‘नेसेसिटी’च्या (‘दुसरा पर्यायच नव्हता’ या) बचावासाठी कलम ३३ दिलंय, आधार आंतरराष्ट्रीय न्यायालयातल्या हंगेरी-स्लोव्हाकियाच्या गॅब्चिकोवो-नागीमारोस धरण खटल्याचा. १९९७ च्या त्या निकालात ३३ च आहे, पण ते तेव्हाच्या मसुद्यातलं. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाच्या २००१ च्या अंतिम कलमांत तीच तरतूद २५ वर गेली. निकाल आणि कलमं दोन्ही उघडल्याशिवाय ही चूक सापडत नाही. न्यायालयाच्या अहवालांत इंग्रजी आणि फ्रेंच पानं समोरासमोर असतात, म्हणून पान नंबरपेक्षा पॅरा नंबर मागावा. आणि उद्धृत वाक्य निकालातलं आहे की एखाद्या न्यायाधीशाच्या विरोधी मतातलं, हे दरवेळी पाहावंच लागतं.

अंक रखडतात ते बहुधा शेवटच्या वर्षाचे संपादक इंटर्नशिपला गेले आणि कुणाकडे काय आहे याची नोंदच ठेवली नाही म्हणून. अर्ज करण्याआधी मागचे दोन अंक वेळेवर निघाले का, संदर्भ द्यायची पद्धत ब्लूबुक की ऑस्कोला हे ठरलंय का, ते विचारा. आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) आहे एवढ्यावर भुलू नका. लेख छापायला पैसे घेणाऱ्या जर्नलपासून लांबच राहा.

आमचं मत स्पष्ट आहे: दुसऱ्या वर्षी जर्नल, तिसऱ्या वर्षी जेसप. दोन्ही एकाच वर्षी नको, डिसेंबर-जानेवारीत दोन्हीकडची कामं अंगावर येतात. एकच वर्ष हाताशी असेल आणि पुढे परदेशात एलएलएम करायचं असेल, तर जर्नल निवडा आणि स्वतःची एक टिप्पणीही लिहा. अर्जासोबत लेखनाचा नमुना बहुधा स्वतःचा एकट्याचा लागतो. मेमोरियल पडतं सगळ्या टीमचं.