गाडीतली चंदेरी चादर: अपघातात किती कामाची?

नागपुरात सर्जिकल सामानाच्या दुकानांत किंवा ऑनलाइन 'इमर्जन्सी ब्लँकेट' मागितलं की रुमालाएवढं पाकीट हातात येतं. आत साधारण 210 बाय 160 सेंटिमीटरची, पॉलिएस्टरवर ॲल्युमिनियमचा मुलामा चढवलेली, जेमतेम 50-60 ग्रॅमची फिल्म असते. समृद्धी महामार्गावर रात्री धावणाऱ्या गाडीत ही असावीच, पण एकटीच नको.

रक्त बरंच वाहून गेलेलं शरीर पुरेशी उष्णता तयार करू शकत नाही. तापमान 35 अंशांखाली घसरत गेलं की प्लेटलेट मंदावतात, रक्त नीट गोठत नाही, म्हणजे आणखी रक्तस्राव आणि आणखी गारठा. त्यात पेशींना ऑक्सिजन कमी पडून रक्तातली आम्लता वाढते, तीही गोठणं बिघडवते. 32 च्या खाली गेलेला गंभीर जखमी वाचणं फार अवघड. हे फक्त डिसेंबर-जानेवारीत होतं असंही नाही. मे महिन्यात भिजलेले कपडे आणि ॲम्ब्युलन्सचा एसी पुरेसा आहे. जखमीच्या अंगावर बाटलीभर पाणी ओतायची आपल्याकडची हौस तर आधी थांबवा.

चादर स्वतः गरम होत नाही. ती अंगातून बाहेर पडणारी उष्णता परत फिरवते आणि वारा अडवते, इतकंच. गार डांबर पाठीतून उष्णता ओढतं, तिथे ही पातळ फिल्म काहीच करत नाही. म्हणून 108 ला फोन आणि रक्तस्रावावर दाब आधी. मग ओले कपडे ओढून न काढता कात्रीने कापा, अंग टिपून कोरडं करा. पाठीखाली जाड सतरंजी किंवा घोंगडी सरकवा. मणक्याला मार असेल तर तीन-चार जणांनी मिळून, अंग न पिळता. वरून चादर गुंडाळा, तिच्यावर साधं ब्लँकेट. डोकं झाका, चेहरा उघडा ठेवा, जखमेवरचा भाग उचलून बघता येईल असा राहू द्या. हातपाय चोळू नका. चहाही नको, ऑपरेशन लागू शकतं आणि त्यासाठी पोट रिकामं हवं.

तक्रारी आहेतच. कडेला बारीकशी चीर पडली की सरळ उभी फाटत जाते, वाऱ्यात फडफडून निसटते आणि एकदा वापरली की फेकावीच लागते. पिशवीसारखी शिवलेली मिळाली तर जास्त सोयीची, पण मणक्याच्या दुखापतीत तिच्यात माणूस सरकवणं धोक्याचं. तिथे ही साधी उघडी चादरच बरी. दोन पाकिटं, एक घोंगडी आणि बोथट टोकाची कात्री डिकीत नको, सीटखाली ठेवा. मागून धडक बसली की डिकी उघडेलच असं नाही.