ट्विझल एक्सप्लोरर: क्यूब फिरवत ग्रुप थिअरी

बी.एस्सी.ला ग्रुप थिअरीत कॉम्युटेटर आला की अनेकांचा धागा सुटतो. त्यांनी ट्विझल एक्सप्लोरर, म्हणजे रुबिक क्यूबसारखी कोडी पडद्यावर फिरवून दाखवणारे संकेतस्थळ, जरूर उघडावे. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालते, लॉगिन लागत नाही.

याची खरी ताकद चाली लिहिण्याच्या पद्धतीत आहे. चौकोनी कंसात स्वल्पविराम देऊन दोन चाली लिहिल्या की पहिली, दुसरी, मग पहिलीची उलट, दुसरीची उलट अशी वळणे होतात; हाच कॉम्युटेटर. आर (उजवा थर) आणि यू (वरचा थर) घालून बघा. या दोन थरांत सामाईक तुकडे तीनच: एक कड, दोन कोपरे. सामाईक कड एकच, म्हणून तीन कडांचे चक्र बनते; सामाईक कोपरे दोन, म्हणून कोपऱ्यांच्या दोन जोड्या अदलाबदल होतात. हे सगळे गोल कंसात घालून बाहेर 3 लिहा. कडा जागेवर येतात, कोपरे अजून अदललेलेच! 6 लिहिले की क्यूब पूर्ववत. ऑर्डर 6 म्हणजे काय (सहा वेळा केल्यावर पहिल्यांदा सगळे मूळ जागी), ते इथे डोळ्यांना दिसते.

आता पहिल्या जागी आर, यू, आर उलट आणि दुसऱ्या जागी डी (खालचा थर) टाका. सामाईक तुकडा एकच कोपरा उरतो, आणि आठ वळणांनंतर हललेले असतात फक्त तीन कोपरे. बाकी क्यूब जसाच्या तसा. हा भाग सावकाश, एकेक वळण थांबवून बघण्यासारखा आहे.

क्यूब पूर्ववत व्हायला नुसते आर यू 105 वेळा करावे लागते. कारण कडांचे चक्र 7 चे, पाच कोपऱ्यांचे पिळासकट 15 चे, आणि एक कोपरा जागच्या जागी पिळतो, त्याचे 3. लसावि 105.

चुका कुठे होतात? चालीचे इंग्रजी अक्षर लहान लिपीत (स्मॉल) टाईप झाले तर एकाऐवजी दोन थर फिरतात आणि सगळी गणिते बिघडतात. दोन चालींमध्ये मोकळी जागा सोडा. इथे चाली डावीकडून उजवीकडे वाचल्या जातात; वर्गात फलनांचे संयोजन बहुधा उजवीकडून शिकवतात, तेव्हा ताळा करताना क्रम उलटा करावा. काही पुस्तकांत कॉम्युटेटर व्यस्तांपासून (उलट चालींपासून) सुरू होतो, तेही तपासा.

उणीव एक: पडद्यावर रंग दिसतात, तुकड्यांना क्रमांक नसतात. चक्रे कागदावरच लिहावी लागतात. मधले चौकोन जागच्या जागी फिरलेलेही कळत नाहीत. मात्र हातातल्या क्यूबचा कोपरा चुकून पिळला की तो कितीही वळणांनी सुटत नाही; ही भीती इथे नाही.

नवख्यांनी कोड्यांच्या यादीतला पिरॅमिंक्स (चार त्रिकोणी बाजूंचे कोडे) आधी निवडावा. टोके सोडली तर त्याच्या स्थिती 9,33,120च.