एडिंबरा प्रायव्हेट ट्रिप: गाईडला पैकीच्या पैकी, गाडीला भोपळा

ऑगस्टमधल्या एडिंबरासाठी तिथल्याच एका खासगी नियोजकाची सेवा घेतली होती. पहिल्या ईमेलपासून शेवटचं बिल मिटेपर्यंत काही महिने गेले, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. किल्ला, राजवाडा, व्हिस्की ही यादी सगळ्यांना पाठ आहे, ती इथे नाही. इथे मुख्यतः गाडीबद्दल आहे, कारण बिलात हॉटेलखालोखाल तीच होती आणि कामाला सगळ्यात कमी आली.

कोटेशनमधली ओळ अशी: मर्सिडीज व्ही-क्लास (मोठी आलिशान व्हॅन), शोफरसह, रोज ८ तास दिमतीला. वाचायला झकास. आता नकाशा बघा. ओल्ड टाउनचा कणा म्हणजे रॉयल माइल. वरच्या टोकाला किल्ला, खालच्या टोकाला होलिरूड पॅलेस, मधे पावणेदोन किलोमीटरच्या आसपासचा उतार. फ्रिंज (ऑगस्टमधला मोठा कलामहोत्सव) सुरू झाला की हाय स्ट्रीटवर गाड्या बंद. टॅटूसाठी (लष्करी बँडच्या संचलनाचा रात्रीचा कार्यक्रम) किल्ल्यासमोरच्या एस्प्लनेडवर, म्हणजे मोकळ्या पटांगणावर, प्रेक्षकांचे स्टँड उभे राहिलेले, म्हणजे दारापर्यंत गाडी जायचा प्रश्नच नाही. वेव्हर्ली स्टेशनच्या आत गाड्यांना मज्जाव. बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा. व्ही-क्लास फार तर जॉन्स्टन टेरेसला सोडते. तिथून पुढचा चढ पंचतारांकित पाहुण्यालाही दगडी फरसबंदीवरून पायीच चढावा लागतो.

बरं, ते ८ तास तुमचे नसतातच. करारात बारीक अक्षरात ‘गॅरेज ते गॅरेज’ असतं. गाडी डेपोतून निघाली की घड्याळ सुरू आणि परत पोचेपर्यंत चालू. त्यावर ओव्हरटाइम, पार्किंग आणि रात्री उशिराचा जादा आकार. टॅटूच्या रात्री तर कहर होतो. स्टँडमध्ये जवळपास ८,८०० माणसं बसतात आणि कार्यक्रम संपला की सगळी एकदम एका चिंचोळ्या कॅसलहिलवरून खाली उतरतात. भोवतालचे रस्ते तेवढ्या वेळापुरते बंद. गाडीपर्यंत चालत जायचं आणि मग गाडीत बसून गर्दी पांगायची वाट बघायची, त्यापेक्षा तेवढ्याच वेळात न्यू टाउनमधल्या हॉटेलवर पायी पोचता येतं. वाट पाहण्याचे पैसे मात्र ‘नाइट डिस्पोझल’ म्हणून वेगळे लागतात.

शहरात खरी सोय काळ्या टॅक्सीची. पाच-सहा माणसं बसतात, व्हीलचेअरसाठी रॅम्प असतो, मीटरने पैसे, कार्ड चालतं. विमानतळावरून ट्राम अर्ध्या तासात शहराच्या मध्यात आणते. सेंट अँड्र्यू स्क्वेअरजवळ उतरला असाल तर स्टॉप हॉटेलपासून हाकेच्या अंतरावर. ज्येष्ठांना किल्ल्यातला चढ झेपत नसेल तर किल्ल्याची स्वतःची छोटी गाडी आहे. तिच्यात जागा मोजक्या असतात, म्हणून दारातच विचारायचं. या गाडीचा उल्लेख कोटेशनमध्ये कुठेही नव्हता, हे ओघाने आलंच.

इथवर वाचून नियोजकाला एक स्टार मिळणार असं वाटेल. तेच मत बराच काळ कायम होतं. मग दोन गोष्टी झाल्या. आकड्यांसकट तक्रार पाठवल्यावर शहरातल्या दिवसांची गाडी त्यांनी मुकाट्याने काढून टाकली आणि पैसे शेवटच्या हप्त्यातून वळते केले. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी निवडून दिलेला ब्लू बॅज गाईड.

ब्लू बॅज म्हणजे स्कॉटलंडमधली गाईडची सर्वात वरची पात्रता. फरक काय पडतो ते क्रमात दिसतं. किल्ल्याचा साडेनऊचा पहिला स्लॉट, आत शिरल्यावर इकडेतिकडे न रेंगाळता थेट वर क्राउन रूममध्ये राजमुकुट बघायला, कारण तासाभरात तिथे रांग लागते. मग बाराव्या शतकातलं सेंट मार्गारेट चॅपल, मग एक वाजताची तोफ (रविवारी नसते). पुढची सगळी चाल उताराने. रॉयल माइलवरच्या सेंट जाइल्स कॅथेड्रलमध्ये बहुतेक लोक मधला भाग बघून बाहेर पडतात. कोपऱ्यातलं थिसल चॅपल राहून जातं. रॉबर्ट लोरिमरने १९११ मध्ये पुरं केलेल्या या छोट्या दालनात मान वर करून बघितलं तर कोरीव कामात बॅगपाइप वाजवणारा देवदूत सापडतो. असं काही बोट ठेवून दाखवायला जाणता माणूसच लागतो. लेदर सीट कामाची नाही.

त्याच गाईडमुळे कोटेशनचं पितळ उघडं पडलं. किल्ल्याच्या ओळीत ‘स्टोन ऑफ डेस्टिनी’ (स्कॉटिश राजांच्या राज्याभिषेकाचा दगड) ठळक अक्षरात लिहिलेला होता. तो दगड मार्च २०२४ मध्येच पर्थच्या नव्या म्युझियममध्ये गेला. म्हणजे जुना साचा, नवी किंमत. शिवाय ‘समाविष्ट प्रवेश’ या मथळ्याखाली नॅशनल म्युझियम, नॅशनल गॅलरी आणि सेंट जाइल्स! तिन्हीकडे प्रवेशशुल्कच नाही. सेंट जाइल्समध्ये ऐच्छिक देणगी तेवढी. ‘व्हीआयपी एंट्री’ म्हणजे वेळ ठरवून घेतलेलं ऑनलाइन तिकीट, जे कोणालाही मिळतं.

गाडी ठेवावी ती शहराबाहेरच्या एका दिवसासाठी. रॉसलिन चॅपल (आत फोटो काढू देत नाहीत), मेलरोझचा मठ आणि कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटचं घर ॲबट्सफर्ड हे एका दिवसात आरामात बसतं आणि तिथे व्ही-क्लास पैसे वसूल करते. नुसतं ॲबट्सफर्डच बघायचं असेल तर वेव्हर्लीहून ट्वीडबँकची ट्रेन तासाभरात नेते, गाडी नकोच. एका दिवसात उत्तरेकडचं लॉख नेस सरोवर करून आणतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा: जायला साडेतीन-चार तास, यायला तेवढेच, आणि ओव्हरटाइमचा मीटर चालूच.

जेवणाचं थोडक्यात. मोठ्या रेस्टॉरंटमध्ये शाकाहारी टेस्टिंग मेनू मिळतो, पण बुकिंग करतानाच सांगायचा. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर वेगळं लेखी कळवायचं. हॅगिस हा मेंढीच्या मांसाचा स्कॉटिश पदार्थ; त्याचा शाकाहारी प्रकार १९८४ पासून बाजारात आहे आणि चवीला चांगला लागतो. बिलात सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असेल तर वर टिप ठेवायची गरज नाही.

पैशांचं: बिल पौंडांत येतं आणि भारतीय क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप, त्यावर जीएसटी पडतो. तीन-चार हप्ते असतील तर तेवढ्या वेळा. परत न मिळणारा हप्ता व्हिसा हातात आल्यावरच भरायचा, हे करारात आधी लिहून घ्या. काश्मिरी लोकर किंवा ट्वीड घेताना व्हॅट परत मिळेल या हिशेबात राहू नका. दुकानात घेऊन सोबत आणलेल्या मालावरची ती सवलत ब्रिटनने २०२१ च्या सुरुवातीलाच बंद केली. आणि २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामावर एडिंबरात ५ टक्के पर्यटक कर आहे, सलग पहिल्या ५ रात्रींपुरता. कोटेशनमध्ये तो धरलाय की हॉटेलच्या काउंटरवर वेगळा मागणार, हे आगाऊ रक्कम भरण्याआधी ईमेलवर विचारून ठेवा.