दूधगंगेच्या अलीकडं आणि पलीकडं: तिजोरीच्या भांडणात कोणाचं खरं धरायचं?

कोल्हापूरच्या मतदाराला एक सोय आहे, ती पुण्या-मुंबईच्या मतदाराला नाही. कागल सोडून दूधगंगेचा पूल ओलांडला की कर्नाटक लागतं, आणि तिथं हेच पक्ष जागा बदलून बसलेले दिसतात. 2024 च्या विधानसभेनंतर इकडं महायुती सत्तेत आणि काँग्रेस विरोधात, तर तिकडं काँग्रेस सत्तेत आणि भाजप विरोधात. त्यामुळं ‘तिजोरी रिकामी केली’ खरं की ‘गरिबाच्या हातात पैसा दिला’ खरं, हे ठरवायचं असेल तर फक्त बिंदू चौकातली भाषणं ऐकून भागत नाही. पुलापलीकडंही कान द्यायला हवा.

आधी बायकांच्या खात्यावरचे पैसे, कारण वाद पेटतो तो इथंच. महाराष्ट्रात लाडक्या बहिणीला महिना 1500, एका घरात दोघींना मिळू शकतात. कर्नाटकात गृहलक्ष्मीचे 2000, पण घरातल्या एकाच कर्त्या बाईला. 2025-26 च्या अर्थसंकल्पात आपल्याकडं यासाठी 36,000 कोटी ठेवले, एकूण अर्थसंकल्प 7 लाख कोटींचा. कर्नाटकानं गृहलक्ष्मीला 28,608 कोटी दिले, तिथला अर्थसंकल्प सुमारे 4 लाख 9 हजार कोटींचा. म्हणजे शंभरातले आपले पाच, त्यांचे सात. आता गंमत बघा. इथं काँग्रेसवाले 9 लाख कोटींवर गेलेल्या कर्जाचा आकडा तोंडावर फेकतात आणि सरकार म्हणतं, कर्ज राज्यातल्या एकूण उत्पादनाच्या (जीएसडीपी) 25 टक्क्यांच्या आत आहे, काळजी नको. तिकडं भाजप म्हणतो, गॅरंट्यांनी (गृहलक्ष्मीसारख्या काँग्रेसच्या निवडणूक वचनांनी) राज्य बुडवलं; आणि काँग्रेसचे सिद्धरामय्या तोच 25 टक्क्यांचा नियम पुढं करतात. भाषण तेच, बोलणारा तेवढा बदललाय.

दोघंही खोटं बोलत नाहीत, दोघंही अर्धं सांगतात. मर्यादेचं म्हणणं बरोबर आहे. पण 2025-26 मध्ये महाराष्ट्राची महसुली तूट 45,891 कोटी आणि कर्नाटकाची 19 हजार कोटींच्या वर धरलेली होती. महसुली तूट म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, अनुदान असा रोजचा खर्चही कमाईत बसत नाही, त्यातला काही भाग उसनवारीवर चालतो. याबद्दल सत्ताधारी दोन्हीकडं गप्प असतात. आणि विरोधकांनी खर्चावर बोलावं तर त्यांचंही तोंड बांधलेलं आहे. 5 नोव्हेंबर 2024 ला एकनाथ शिंदेंनी कोल्हापुरातच सभा घेऊन 1500 चे 2100 करण्याचं वचन दिलं, आणि दुसऱ्याच दिवशी महाविकास आघाडीनं मुंबईत 3000 सांगून टाकले! पुढं मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात 2100 आले नाहीत. उलट आदल्या वर्षीची 46,000 कोटींची तरतूद 36,000 वर आली. जुलैपर्यंत 26 लाखांवर लाभार्थी अपात्र म्हणून थांबवले गेले. मतं मागताना न दिसलेली चाळण मतं मिळाल्यावर बाहेर आली, हे माझ्या मते महायुतीच्या बाजूचं सगळ्यात कच्चं कलम. मे 2025 मध्ये आपल्या खात्याचा निधी या योजनेकडं वळवल्याची तक्रार तर सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच केली. ते सरकारातलेच.

करांवर बोलायचं तर पेट्रोल घ्या. निपाणीकडं जाणारा कोल्हापूरकर टाकी हद्दीपलीकडच्या कोगनोळीला फुल्ल करतो, कारण तिथं स्वस्त पडतं. याचं खापर कुणावर? नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्रानं उत्पादन शुल्क कमी केलं, तेव्हा आघाडी सरकारनं व्हॅट उतरवला नाही. जुलै 2022 मध्ये शिंदे सरकारनं पेट्रोलवर पाच, डिझेलवर तीन रुपये उतरवले. हा गुण महायुतीचा, मान्य. जून 2024 मध्ये मात्र कर्नाटकातल्या काँग्रेस सरकारनं दोन्ही इंधनं तीन-साडेतीन रुपयांनी महाग केली आणि तिथं रस्त्यावर उतरला तो भाजप. जानेवारी 2025 मध्ये तर दोन्ही राज्यांनी एकाच महिन्यात एसटीचं भाडं 15 टक्क्यांच्या आसपास वाढवलं. बाईला तिकडं फुकट, इकडं अर्धं. वाढीचा पूर्ण भार पडला तो बाकीच्या प्रवाशांवर.

चपलेचं उदाहरण आपल्या जास्त जवळचं. 1 जानेवारी 2022 पासून हजाराच्या आतल्या चपलेवरचा जीएसटी 5 वरून 12 टक्के झाला, आणि 22 सप्टेंबर 2025 ला अडीच हजारापर्यंतची चप्पल परत 5 टक्क्यांत आली. वाढ ‘जीएसटी कौन्सिलची’ आणि कपात ‘मोदींची’, असा हिशेब भाजप करतो. विरोधक नेमका उलटा करतात. कौन्सिलमध्ये केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश आणि ठरावाला तीन चतुर्थांश लागतात, म्हणजे केंद्राच्या मर्जीविरुद्ध तिथं काहीच होत नाही. पण राज्यंही नुसती प्रेक्षक नसतात. वाढ ठरली तेव्हा राज्याचं अर्थखातं आघाडीत अजित पवारांकडं होतं, आणि पुढं महायुतीचे 2024 आणि 2025 चे अर्थसंकल्पही त्यांनीच मांडले. आता दोष कुठल्या झेंड्याखाली लिहायचा?

‘फुकट’ या प्रकाराचा अनुभव कोल्हापूरला वेगळा सांगायला नको. शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरुद्ध एन. डी. पाटलांच्या नेतृत्वाखाली सर्वपक्षीय लढा झाला, टोल गेला, आणि कंपनीची रक्कम राज्याच्या तिजोरीनं भागवली. आपण नाक्यावर दिले नाहीत, बाकी महाराष्ट्राबरोबर वाटून दिले.

खरा, मुळातला फरक मला एकाच ठिकाणी दिसतो: नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळानं त्यासाठी 20 हजार कोटींवर रक्कम मंजूर केली. सरकारच्या मते ही गुंतवणूक. काँग्रेसचे सतेज पाटील, शेतकरी नेते राजू शेट्टी यांच्या मते पिकाऊ बागायत घालवून केलेली उधळपट्टी. तुमचं रान त्या आखणीत असेल तर बाकीची तुलना बाजूला ठेवा, इथं दोन बाजू खरोखर दोन आहेत.

बाकीच्यांनी असं बघावं. घरात 1500 येत असतील तर ते बंद करण्याची धमक कुठल्याच पक्षात नाही. तुमचा प्रश्न केवायसी आणि अपात्रतेचा आहे, तो सत्तेतल्या आमदाराला विचारा. थकलेल्या बिलांची किंवा शिष्यवृत्तीची वाट बघत असाल तर विरोधकांचा आरोप तुम्हाला जास्त लागू पडतो. पण त्यांना विचारा, 3000 देताना कुठला खर्च कापणार होता? आणि कुणीही मार्चमधला आकडा सांगितला तर पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मधेच मागितलेला जादा खर्च, काढून बघा. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात त्या 57,509 कोटींच्या होत्या, अर्थसंकल्प मांडून चार महिनेही झाले नव्हते.