थायलंडमध्ये लग्नाची नोंदणी करताय? आधी आमचं काय झालं ते वाचा

जानेवारी २०२४. माझी बायको खोन केन प्रांतातल्या तिच्या गावच्या तालुका कार्यालयात ओळखपत्रावरचं आडनाव बदलायला गेली होती. तिकडे या कार्यालयाला 'आम्फ' म्हणतात. मी चाकणला, कामावर. खिडकीतल्या बाईंनी तिचं कार्ड मशीनमध्ये घातलं, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही तर अविवाहित आहात." हिने पिशवीतून लग्नाचा दाखला काढून दिला. बाईंनी तो उलटसुलट पाहिला, आत नेऊन साहेबांना दाखवला. परत आल्यावर त्यांनी तो हिच्या हातात दिला नाही. टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हा कोणी करून दिला?"

तिने तिथूनच मला फोन केला. रडत नव्हती. फक्त एवढंच म्हणाली, "आपलं लग्न झालेलं नाही."

हे लिहायला मी बरेच दिवस टाळाटाळ केली. पण अलीकडे ओळखीतल्या दोघांनी थायलंडमधल्या लग्नाच्या कागदपत्रांबद्दल विचारलं, आणि त्यातल्या एकाला कोणीतरी तसंच 'सगळं आम्ही करून देतो'चं पॅकेज सांगितलं होतं. म्हणून आता सगळं लिहितो.

आमची ओळख थायलंडमधल्या चोनबुरीची. चाकणच्या कंपनीने मला तिथल्या कारखान्यात आठ महिने पाठवलं होतं, ती तिथे खरेदी विभागात होती. बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची येत नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण फसवणाऱ्याने नेमकी तीच वापरली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांना ३० दिवस बिनव्हिसा प्रवेश द्यायला सुरुवात केली. मी लगेच तिकीट काढलं. निघण्याआधी पुण्यातल्या एका कागदपत्रवाल्याकडून अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं होतं आणि त्यावर अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मारून घेतलं होतं. साडेनऊ हजार रुपये दिले. परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टीलचं शुल्क ५० रुपये असतं, हे मला नंतर कळलं. पण खरा घोटाळा पैशांचा नव्हता. अपोस्टील चालतं ते हेग कराराच्या सदस्य देशांमध्ये. भारत त्यात २००५ पासून आहे, मी गेलो तेव्हा थायलंड नव्हता. म्हणजे तो शिक्का माझ्या कामासाठी निरुपयोगी होता.

हे मला सांगितलं ते बँकॉकच्या एजंटने. सुखुमवित रस्त्यालगतच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर त्याचं ऑफिस होतं. आपल्याच देशाचा माणूस, वीसेक वर्षं तिकडे, हिंदी आणि थाई दोन्ही अस्खलित. मला 'भैया' म्हणायचा, हिला 'नोंग', म्हणजे धाकटी बहीण. माझे कागद पाहून पहिल्या पाच मिनिटांत म्हणाला, "भैया, ये अपोस्टील यहाँ नहीं चलेगा. किसने बनाके दिया?" आणि ते खरं होतं. त्या एका खऱ्या वाक्यामुळे माझा त्याच्यावर विश्वास बसला. त्यानंतर त्याने जे जे सांगितलं त्यातही प्रत्येक वेळी काहीतरी खरं असायचंच.

मी विचारलं, आपल्या दूतावासात लग्न करता येणार नाही का? तो म्हणाला, करता येतं, १९६९ चा विदेशी विवाह कायदा आहे, पण त्यात ३० दिवसांची नोटीस लागते आणि तुमचा मुक्कामच ३० दिवसांचा. हेही खरं होतं. त्याने सांगितलं नाही ते असं, की थाई कायद्याने तिथल्या कार्यालयात नोंदणी करायला परदेशी माणसाने अमुक दिवस राहिलंच पाहिजे अशी अट नाही. कागद पूर्ण असले तर एका दिवसात काम होतं.

मग म्हणाला, कार्यालयात जायची गरज नाही, अधिकारीच इथे येतो. यावर हिने मान डोलावली. कारण तिकडे निबंधकाला कार्यालयाबाहेर बोलावून नोंदणी करता येते, हे तिने नातेवाइकांच्या लग्नात पाहिलं होतं. त्याचं सरकारी शुल्क २०० बाट, वर त्यांना आणायची-पोहोचवायची गाडी आपली. कार्यालयात जाऊन केली तर नोंदणीला काहीच शुल्क नाही. माझ्याकडून त्याने ६८ हजार बाट घेतले.

माझ्याकडून, असं मुद्दाम लिहितोय. कारण त्याने तिच्याकडूनही ३५ हजार घेतले होते आणि ते मला दोन महिने माहीत नव्हतं.

तो एकाच टेबलावर बसून मला हिंदीत एक सांगायचा आणि तिला थाईत दुसरंच. मला म्हणाला, "मुलीसमोर पैशाची गोष्ट काढू नका, इथे ते अपमानाचं समजतात." तिला म्हणाला, भारतीय नवऱ्याचं तिकडे आधीचं लग्न नाही याची हमी म्हणून दूतावासात अनामत ठेवावी लागते, वर्षाने परत मिळते, आणि हे त्याला सांगू नको, त्याला वाटेल तुझा विश्वास नाही. तिने चोनबुरीच्या नोकरीतले साठवलेले पैसे आणून दिले. आम्हा दोघांनाही वाटलं की आपण समोरच्याचा मान राखतोय. मला वाटायचं, थाई कागद तिला कळतात. तिला वाटायचं, दूतावासाचं मला कळतं. संध्याकाळी जेवताना एकदा जरी विचारलं असतं, "तुला तो काय म्हणाला?", तरी तिथेच सगळं उघडं पडलं असतं. आजही मला सगळ्यात जास्त सलतं ते हेच.

ठरलेल्या दिवशी त्याच्या ऑफिसात खाकी गणवेशातला एक माणूस आला. दोन साक्षीदार त्यानेच आणले. थाई फॉर्मवर मी सह्या केल्या. मला काही वाचून दाखवलं नाही, काही विचारलं नाही. तिला दोन प्रश्न विचारले. वीस मिनिटांत आमच्या हातात दाखला, वर गरुडाची मुद्रा. गरुड हे थाई सरकारचं चिन्ह, ते पाहून मला फार आपलंसं वाटलं होतं. मी आईबाबांना फोटो पाठवला.

डिसेंबरात खोन केनला तिच्या घरी विधी झाला. गावातल्या म्हाताऱ्यांनी आमच्या मनगटांना पांढरे दोरे बांधले, मी रिवाजाप्रमाणे तिच्या आईवडिलांपुढे 'सिन सोत', म्हणजे मुलीच्या घरच्यांना द्यायचे पैसे, ठेवले, सोनं दिलं. तिच्या आईला मी 'मे' म्हणतो. मेने त्या दाखल्याची रंगीत प्रत फ्रेम करून बाहेरच्या खोलीत राजाराणीच्या फोटोंच्या शेजारी लावली. पण थाई दिवाणी संहितेच्या कलम १४५७ प्रमाणे लग्न होतं ते फक्त नोंदणीने. भिक्खूंनी आशीर्वाद दिले, सगळं गाव जेवलं, तरी नोंद नसेल तर कायद्याने ती दोघं नवराबायको नाहीत.

इकडे तिने नोकरीचा राजीनामा दिला होता. मी तिच्या भारताच्या व्हिसाचा अर्ज भरायला घेतला होता. त्याला तो दाखला जोडला असता तर काय झालं असतं, याचा विचार करून अजून पोटात खड्डा पडतो. एका देशाच्या सरकारी मुद्रेचा बनावट कागद, आणि दुसऱ्या देशापुढे आम्ही सादर केलेला. तिला आडनाव बदलायची घाई झाली म्हणून आम्ही वाचलो.

आम्फमधल्या त्या बाई भल्या होत्या. त्यांनी हिला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की कोणी विचारायच्या आत पोलिसांत जाऊन जबाब दे, नाहीतर कागद तुझ्या हातात सापडला म्हणून तूच अडचणीत येशील. ती त्याच दिवशी गेली. मी फेब्रुवारीत सुट्टी काढून बँकॉकला गेलो तेव्हा दुसऱ्या मजल्यावर कुलूप होतं आणि शेजारच्या मसाजवालीने सांगितलं की नववर्षानंतर तो दिसलाच नाही. तक्रार केली, दोघांनीही, वेगवेगळी. पैसे आलेले नाहीत. दोघांचे मिळून तेव्हाच्या भावाने अडीच लाख रुपयांच्या आसपास.

खरं लग्न त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झालं. यावेळी प्रतिज्ञापत्रावर मंत्रालयातल्या गृह विभागाचा शिक्का घेतला, मग परराष्ट्र मंत्रालयाचं साधं प्रमाणीकरण, अपोस्टील नव्हे, मग मुंबईतल्या थाई वाणिज्य दूतावासाचा शिक्का. बँकॉकला सुखुमवित सोई २३ मधल्या आपल्या दूतावासातून वैवाहिक स्थितीचं पत्र, त्याचं थाई भाषांतर, आणि ते दोन्ही घेऊन चेंग वत्थना रस्त्यावरच्या थाई परराष्ट्र मंत्रालयाच्या वाणिज्य विभागात. तिथे एकेका कागदाला काहीशे बाट लागतात, त्याची पावती मिळते. धावपळ खूप झाली, पण प्रत्येक खिडकीवर आम्ही दोघं उभे होतो. तिने स्वतःचं ओळखपत्र आणि घराच्या नोंदीचं पुस्तक आणलं होतं. तुमच्यापैकी कोणाचा आधी घटस्फोट झाला असेल तर त्याचाही दाखला लागतो, आणि बाईचा घटस्फोट ३१० दिवसांच्या आतला असेल तर आधी कार्यालयात विचारा.

नोंदणी बांग राकला केली. बँकॉकमध्ये आम्फला 'खेत' म्हणतात, आपलं क्षेत्रच ते. 'राक' म्हणजे प्रेम, म्हणून १४ फेब्रुवारीला तिथे जोडप्यांची रांग लागते. आम्ही गेलो तेव्हा पावसाळ्यातला साधा मंगळवार होता. मला थाई येत नाही म्हणून दुभाषी हवाच, असं अधिकाऱ्याने आधी बजावलं. दुभाष्या बाईंनी फॉर्ममधली ओळ न् ओळ मोठ्याने वाचली. वडिलांचं नाव, आईचं नाव, आधी लग्न झालंय का, मुलं आहेत का, मालमत्तेबद्दल काही नोंदवायचंय का. तिला विचारलेला प्रत्येक प्रश्न त्या मला इंग्रजीत सांगायच्या, माझं प्रत्येक उत्तर तिला थाईत. राजीखुशीने करताय का, हे दोघांना वेगवेगळं विचारलं आणि दोघांनी एकमेकांसमोर उत्तर दिलं. मला तेव्हा रडू आलं. अधिकाऱ्याला वाटलं आनंदाने.

दाखल्याच्या दोन मूळ प्रती मिळतात, नवऱ्याला एक आणि बायकोला एक. त्याला 'खो रो ३' म्हणतात. नोंदवहीतला उतारा, 'खो रो २', तोही सहीशिक्क्यासह मागून घ्या. त्या एजंटने आम्हाला एकच प्रत दिली होती आणि नोंदवहीचं नावही काढलं नव्हतं. कोणीही दाखला करून दिला तर त्याच आठवड्यात बायकोने किंवा नवऱ्याने आपलं थाई कार्ड घेऊन कुठल्याही आम्फमध्ये जावं आणि नोंद दिसते का ते विचारावं. आम्ही दीड महिना नुसता दाखला बघत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी खोन केनची बस पकडली. जुनी फ्रेम मेने जानेवारीतच उतरवली होती, खिळा तसाच होता. मी नवा दाखला तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावून वाचला, आमची नावं बोटाने शोधली आणि मग लेकीकडे वळून विचारलं, "कॉम्प्युटरमध्ये आलं का?"

मुलगी हो म्हणाली, सकाळीच आम्फला जाऊन आलोय. तरी मे म्हणाली, उद्या मी स्वतः येते, मला पडद्यावर दाखवायला सांग. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. त्याच बाई खिडकीत होत्या. त्यांनी कार्ड घातलं, पडदा वळवला आणि मेने नाव वाचलं. घरी आल्यावर तिने फ्रेम लावली.