गाडी बसली म्हणून शॉकअप बदलले, तरी बसलेलीच

गणपतीला कोकणात जायचं म्हणून गाडी दाखवायला नेली की एक वाक्य हमखास कानावर येतं: "मागून गाडी बसलीय, शॉकअप गेलेत." निम्मी फसवणूक इथेच उरकते. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप फक्त स्प्रिंगची उसळी आवरतो. उभी गाडीच खाली दिसत असेल तर दोष स्प्रिंगचा. कोरे शॉकअप टाकले तरी ती जवळपास तेवढीच बसलेली राहते.

नेमकं असंच झालेल्या एका डिझेल हॅचबॅकचं उदाहरण घ्या. चार शॉकअप, मग "स्पोर्ट" स्प्रिंगा, आणि सगळा हिशोब कच्च्या चिठ्ठीवर. खड्ड्यात गाडी आधीपेक्षा जास्त आपटायला लागली तेव्हा ती दुसऱ्या रॅम्पवर चढली.

पुढच्या शॉकअपच्या नळीवर, ब्रॅकेटच्या जरा वर, वाटाण्याएवढा फुगवटा होता. वरचा काळा रंग खरवडला तर खाली वेल्डिंगचा टिपका. जुन्या शॉकअपला भोक पाडायचं, काळं पडलेलं तेल काढायचं, मिळेल ते तेल ओतायचं, भोक बुजवायचं आणि रंग फासायचा, अशी ही रीत. गॅसचा शॉकअप असेल तर भोक पडलं की आत दाबाने भरलेला नायट्रोजन गेला. आतल्या झडपा आणि सील जुनेच. असा माल थोडे दिवस बरा वाटतो, मग दांड्याच्या तोंडातून तेल ओघळतं. बसवण्याआधी ओळखायचं असेल तर शॉकअप उभा धरून दांडा तीन-चार वेळा पूर्ण आत-बाहेर करा, मग दाबून सोडा. गॅसचा असेल तर दांडा सावकाश आपणहून वर येतो. रंगवलेला तिथेच राहतो. (फक्त तेलाचा शॉकअप नवा असला तरी वर येत नाही, म्हणून खोक्यावर काय छापलंय ते आधी वाचा.) बोल्टच्या भोकांभोवती रंगाखाली जुन्या वॉशरची गोल खूण दिसली, तर पुढचं काही तपासायची गरज नाही.

आता त्या "स्पोर्ट" स्प्रिंगा. कंपनीच्याच होत्या, ग्राइंडरने एक वेढा उडवलेला. सहा कामाच्या वेढ्यांतला एक गेला की स्प्रिंग 20 टक्के कडक होते आणि दबायला जागाही कमी उरते, म्हणून गाडी बंप स्टॉपरवर (शेवटचा धक्का अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आपटते. मूळचा शॉकअप एवढी कडक स्प्रिंग आवरू शकत नाही. वळणावर पकड वाढायची सोडून चाक उड्या मारतं. पारख सोपी आहे: चाक जॅकवर उचला आणि स्प्रिंग हाताने फिरवून बघा. कापलेली बहुधा सैल खुळखुळते, तिचं टोकही बैठकीत नीट बसत नाही. गॅस कटरने कापलेली त्याहून वाईट, कारण तापल्यावर पोलादाचं पाणी उतरतं.

न कापताही गंडवता येतं. डिझेल इंजिन जड असतं, त्यामुळे एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा बऱ्याचदा वेगळ्या असतात. वेढ्यांवरचे रंगाचे पट्टे त्यासाठीच. दिसायला सारख्या, पण तारेची जाडी 12 ऐवजी 13 मिलिमीटर झाली आणि बाकी सगळं तेच राहिलं, तर कडकपणा सुमारे 38 टक्क्यांनी वाढतो. जुळवायचा तो पार्ट नंबर, लांबी नव्हे. वेढ्यांमध्ये कोंबायचे रबरी बफर हा बसलेल्या स्प्रिंगवरचा इलाज नाही. गाडी उंच दिसते आणि हादरा थेट वरच्या माउंटिंगला जातो.

"लीक आहे" म्हणून दाखवलेलं तेल मेकॅनिकने कुप्पीतून टाकलेलंही असू शकतं. नळी कोरडी पुसून घ्या, आठवडाभर गाडी चालवा, मग बघा. धूळ धरलेला पातळ ओलावा चालतो. ओघळ चालत नाही.

माल अस्सल असला तरी बसवताना डोळ्यांसमोर बसवून घ्या. नट घट्ट करताना दांडा फिरू नये म्हणून पकडीने आवळला, तर क्रोमवर ओरखडा उठतो आणि तोच ओरखडा नवं सील कापतो. दांडा धरायचा तो टोकाच्या खाचेत, ॲलन की घालून. शॉकअप जोडीनेच बदला, आणि पुढचे उघडले की अलाइनमेंट करून घ्या.

पक्क्या बिलावर पार्ट नंबर आणि 8708 ने सुरू होणारा एचएसएन कोड (जीएसटी बिलावरचा मालाच्या प्रकाराचा क्रमांक) मागा. जुने शॉकअप डिकीत घालून घरी आणा. "भंगारात टाकले" हे उत्तर ऐकून घेऊ नका, रंगवायचा माल तिथूनच येतो. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. तक्रारीला बिल आणि वेल्डिंगच्या टिपक्याचा फोटो जोडा.