चॅपल हिलचं 'पॅराग्राफ्स' हँडआउट: पाच पायऱ्या, त्यातली चौथी सोन्याची

इंग्रजीत लिहिलेले निबंध आणि प्रबंधाची प्रकरणं तपासताना समासात माझ्या हातून सगळ्यात जास्त वेळा उमटणारे शब्द म्हणजे 'बरं, मग?' दावा केलेला असतो, पुरावा दिलेला असतो, संदर्भही नीट टाकलेला असतो आणि तिथेच परिच्छेद संपतो. पुराव्यावरून दावा कसा सिद्ध झाला, ते वाचणाऱ्याने आपलं आपण शोधायचं! अशा वेळी मी हल्ली लांबलचक शेरे लिहीत नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल इथल्या रायटिंग सेंटरचं 'पॅराग्राफ्स' हे हँडआउट वाचायला सांगते. त्यांच्या साइटवर ते सगळ्यांना मोफत खुलं आहे.

सुरुवातीलाच ते एक जुनं खूळ काढून टाकतं. परिच्छेद म्हणजे किमान पाच वाक्यं, किंवा अर्धं पान, हे गणित बरेच जण शाळेपासून डोक्यात घेऊन आलेले असतात. इथे कसोटी लांबीची नसून एकाच कल्पनेभोवती वाक्यं बांधली गेली आहेत का, याची आहे. त्यानंतर पाच पायऱ्या येतात: मुख्य कल्पना मांडा, ती उलगडा, उदाहरण द्या, उदाहरणाचा अर्थ सांगा आणि परिच्छेद पूर्ण करा किंवा पुढच्याकडे वळवा. गुलामगिरीच्या काळातल्या भक्तिगीतांमधल्या दुहेरी अर्थांवरचा एक परिच्छेद घेऊन तो पायरी-पायरीने उभा करून दाखवला आहे. नुसते नियम सांगण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

माझ्या मते या हँडआउटचा खरा ऐवज चौथ्या पायरीत आहे. शिकवताना मी कॉलऱ्याचं उदाहरण घेते. समजा मुख्य वाक्य, म्हणजे परिच्छेदाची मुख्य कल्पना सांगणारं वाक्य, असं आहे: 1854 च्या लंडनमधल्या साथीत डॉक्टर जॉन स्नोने कॉलरा पाण्यातून पसरतो हे दाखवलं. पुरावा: ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती मृत्यू दाटले होते, पण जवळच्याच दारूभट्टीतले कामगार वाचले. बहुतेक जण इथे पूर्णविराम देऊन पुढच्या मुद्द्याकडे धावतात. पण दारूभट्टीचं काय घेऊन बसायचं, हे वाचकाला कळायला आणखी दोन वाक्यं हवीत. त्या काळी रोग दूषित हवेतून पसरतो असं मानलं जाई. भट्टीतले लोक हवा तीच घेत होते, पाणी मात्र त्या पंपाचं पीत नव्हते. आता पुरावा दाव्याला येऊन चिकटला. ही दोन वाक्यं लिहिणाऱ्याची स्वतःची असतात, उसनी आणता येत नाहीत. परीक्षकही गुण देतात ते याच ठिकाणी.

पाचव्या पायरीबद्दल माझं मत वेगळं आहे. सहा-सात वाक्यांच्या परिच्छेदाला समारोप कशाला? पायऱ्या प्रामाणिकपणे पाळणारी मुलं प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी पहिलंच वाक्य शब्द बदलून पुन्हा लिहितात, नाहीतर पुढच्याची सुरुवात 'मोरओव्हर'ने करतात. मी त्यांना एक खेळ करायला लावते: दोन परिच्छेदांची अदलाबदल करा. काहीच बिघडलं नाही, तर तुमचा 'मोरओव्हर' नुसता शोभेचा आहे आणि दुरुस्ती क्रमात करायला हवी. असे जोडशब्द आणि वाक्प्रयोग लागलेच, तर मँचेस्टर विद्यापीठाची 'अकॅडेमिक फ्रेजबँक' उघडावी. तिथे कामानुसार गट लावलेले आहेत, म्हणजे मतभेद मांडताना काय म्हणतात, निष्कर्ष सौम्य कसा करतात, वगैरे. पण ती उघडायची विचार जागेवर बसल्यावर. आधी उघडली की निबंध ऐकायला विद्वान आणि आतून पोकळ होतो.

मुख्य वाक्य सुरुवातीलाच हवं का, यावर गाइड लोकांत वाद झडतात. 1974 साली लेखनाचे अमेरिकी अभ्यासक रिचर्ड ब्रॅडॉक यांनी व्यावसायिक लेखकांचे मासिकांतले निबंध तपासले, तेव्हा जेमतेम 13 टक्के परिच्छेदच अशा वाक्याने सुरू होताना त्यांना दिसले. हा आकडा काही हुशार विद्यार्थी माझ्या तोंडावर फेकतात. फेकू देत. मासिकाचा वाचक हौसेने वाचतो. परीक्षकापुढे गठ्ठा असतो आणि तो पहिल्या वाक्यांवरून नजर फिरवत युक्तिवाद धरू पाहतो. हात बसेपर्यंत मुख्य वाक्य वरच ठेवावं.

हे हँडआउट कुणासाठी? इतिहास, साहित्य, समाजशास्त्र अशा विषयांत युक्तिवाद करणाऱ्यांसाठी फारच उपयोगी. प्रयोगाची पद्धत लिहिणाऱ्याला त्यातलं थोडंच लागू पडेल, कारण तिथे घटनाक्रमच परिच्छेद बांधतो. आणि तुमच्या हातात आधीच लिहिलेलं प्रकरण असेल, तर पाच पायऱ्यांत अडकू नका, थेट शेवटच्या दुरुस्तीच्या भागाकडे जा. मुख्य वाक्यच नाही, एकात दोन कल्पना घुसल्या आहेत, अशा दुखण्यांवर तिथे उपाय आहेत. त्याआधी आपल्या प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात त्याचं म्हणणं एका ओळीत लिहून काढा. जिथे ओळीत 'आणि' आल्याशिवाय राहत नाही, तिथे बहुधा दोन परिच्छेद लपलेले असतात.